एट माइल रोडचे वकील

अलीकडे आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून एक मत वारंवार ऐकूं येतें. अमेरिकेंत स्थायिक झालेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे चार-सहा महिने राहून परतलेलीं वडीलधारीं माणसें तें सांगतात, आणि ऐकणारे माना डोलावितात. डेट्रॉईट शहराविषयींचें हें मत असें: ट्रॉय, नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्स हीं भोंवतालचीं उपनगरें स्वच्छ, शांत व उत्तम शाळांनीं संपन्न, मूळ शहर मात्र ओसाड आणि धोक्याचें, कारण तेथील कृष्णवर्णीयांनीं तें बिघडविलें व गोरे लोक कंटाळून निघून गेले. हें मत निव्वळ अज्ञानाचें असतें तर आम्ही त्याची दखल घेतली नसती. परंतु तें अन्यायाचें आहे, आणि तो अन्याय आपल्या घरांत सौजन्याच्या भाषेंत बोलला जात आहे. म्हणून त्याचा समाचार घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

या मताचा पहिला आधार असा कीं, प्रत्येक मनुष्य आपल्यासारख्यांत राहूं इच्छितो. गोरे गोऱ्यांत आणि काळे काळ्यांत राहिले, यांत कोणाचा काय दोष? स्वभावानेंच जर ही विभागणी झाली असती, तर ती टिकविण्यास भिंतीची गरज कां पडली? एट माइल रोड ही डेट्रॉईटची उत्तरेकडील सरहद्द. तिच्या दक्षिणेस, शहराच्याच हद्दींत, १९४१ सालीं एका घरबांधणीच्या व्यापाऱ्यानें सुमारें अर्धा मैल लांब आणि सहा फूट उंच अशी काँक्रीटची भिंत उभारली. एका बाजूस कृष्णवर्णीयांची वस्ती होती. दुसऱ्या बाजूस त्यास गोऱ्या गिऱ्हाइकांसाठीं घरें बांधावयाचीं होतीं. १९३४ सालीं स्थापन झालेलें फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन हें सरकारी खातें या घरांच्या कर्जास हमी देण्यास तयार नव्हतें, कारण शेजार काळा होता. भिंत उभी राहिली आणि हमी मिळाली! ही भिंत आजहि उभी आहे. तिच्या कांहीं भागावर रहिवाशांनीं चित्रें रंगविलीं आहेत. स्वभावाचा पुरावा मागणाऱ्यांनीं ती अवश्य पाहून यावी.

ही एका व्यापाऱ्याची लहर नव्हती. याच खात्याच्या मार्गदर्शक पुस्तिकेंत भिन्न वंशाच्या लोकांस वस्तींत शिरूं न देणें हें घराच्या किमतीचें संरक्षण म्हणून सांगितलें होतें. खरेदीखतांतून ‘हें घर गोऱ्याखेरीज कोणास विकूं वा भाड्यानें देऊं नये’ अशा अर्थाच्या अटी घातल्या जात. १९४८ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें अशा अटी न्यायालयामार्फत अमलांत आणतां येणार नाहींत असा निकाल दिला, आणि त्या निकालांत डेट्रॉईटच्या एका कुटुंबाचाहि खटला सामील होता. तोंपर्यंत सरकारी हमीच्या स्वस्त कर्जावर गोऱ्या कामगारास उपनगरांत घर मिळत होतें. त्याच कारखान्यांत, त्याच यंत्रापाशीं राबणाऱ्या काळ्या कामगारास तें मिळत नव्हतें. फोर्ड कंपनीचें माहेरघर जें डिअरबॉर्न, तेथें १९४२ पासून १९७८ पर्यंत नगराध्यक्ष असलेले ऑर्व्हिल हबर्ड आपलें गांव गोऱ्यांचेंच राखण्याचा उघड पुरस्कार करीत आणि पुनःपुन्हा निवडून येत.

आमच्या वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावी अशी गोष्ट ग्रोस पॉइंट या धनिक उपनगराची आहे. तेथें घर घेऊं इच्छिणाऱ्या माणसास गुण देण्याची एक गुप्त पद्धत होती. ती १९६० सालीं उघडकीस आली. वर्ण किती सांवळा, उच्चार किती परका, यांवरून गुण ठरत. पोलिश माणसास उत्तीर्ण होण्यास अमुक गुण, इटालियनास त्याहून अधिक, ज्यू माणसास सर्वांत अधिक. कृष्णवर्णीय आणि आशियाई यांस मात्र परीक्षेसच बसूं दिलें जात नसे. आज ज्या उपनगरी सुखाचे आपण गोडवे गातों, त्या सुखाच्या दारावर एके काळीं आपणांसहि हीच पाटी होती. ती उतरली कशी? कृष्णवर्णीयांनीं चालविलेल्या नागरिक हक्कांच्या लढ्यानें देशाचें वातावरण बदललें. त्याच वातावरणांत १९६५ सालीं वंशावर आधारलेला परदेशप्रवेशाचा कायदा रद्द झाला, आणि १९६८ सालीं, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर एका आठवड्यांत, घरविक्रींतील भेदास मनाई करणारा कायदा झाला. त्या दोन कायद्यांच्या दारांतून आपलीं मुलें आंत गेलीं. ज्यांनीं दार उघडलें त्यांनाच ‘शहर बिघडविणारे’ म्हणणें ही कृतघ्नता आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

दुसरा आधार दंगलीचा. १९६७ सालच्या दंगलींत ४३ माणसें मेलीं, हें खरें. त्यामुळें गोरे पळाले, असें सांगतात. परंतु जनगणना कांहीं निराळेंच बोलते. १९५० सालीं डेट्रॉईटची लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या घरांत होती. १९६० सालीं ती सोळा लाख सत्तर हजारांवर आली. म्हणजे दंगलीच्या सात वर्षें आधींच सुमारें एक लाख ऐंशी हजारांची घट झाली होती. हडसन कंपनीनें १९५४ सालीं आणि पॅकार्डनें १९५६ सालीं शहरांतील मोटारींचें उत्पादन बंद केलें. १९५४ सालींच साउथफील्ड येथें नॉर्थलँडची भव्य बाजारपेठ उघडली. पैसा, दुकानें आणि रोजगार सरहद्दीपलीकडे चालले होते. ज्यांस उपनगरांत घर घेतां येत होतें ते कामामागें गेले. ज्यांस मज्जाव होता ते मागें राहिले. त्यांतच जुन्या कृष्णवर्णीय वस्त्या पाडून मोटाररस्ते काढले गेले. दंगलीचें समर्थन आम्ही करीत नाहीं. परंतु दंगल हें या पडझडीचें कारण नव्हे, परिणाम होय. आणि दंगलीचाच हिशेब मांडावयाचा तर १९४३ सालचीहि मांडावी: त्या वेळीं ३४ माणसें मेलीं, त्यांपैकीं २५ कृष्णवर्णीय होते, आणि त्या पंचविसांतील सतरा जण पोलिसांच्या हातून मेले.

तिसरा आधार सर्वांत सभ्य दिसतो. ‘झालें तें झालें; आतां कायदा सर्वांस समान आहे,’ असें म्हणतात. कायद्याची अक्षरें समान झालीं हें आम्ही मान्य करतों. कृष्णवर्णीय कुटुंबेंहि आतां उपनगरांत राहूं लागलीं आहेत. साउथफील्डमध्यें त्यांचेंच बहुमत आहे. परंतु सरहद्द केवळ घरांची नव्हती. ती शाळांची, करांची व रस्त्यांचीहि होती. डेट्रॉईटच्या शाळांतील वर्णविभागणी मोडण्यासाठीं भोंवतालच्या ५३ उपनगरी शाळाविभागांस योजनेंत घेण्याचें एका न्यायाधीशानें ठरविलें होतें. १९७४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं तें रद्द केलें. उपनगरांनीं स्वतः दोष केल्याचें सिद्ध झालें नाहीं, म्हणून त्यांस हात लावतां येणार नाहीं, असा त्याचा आशय. न्यायमूर्ति थर्गुड मार्शल यांनीं आपल्या भिन्न मतपत्रांत बजावलें होतें कीं, यामुळें महानगरांचीं एक गोरें आणि एक काळें अशीं दोन शहरें होऊं शकतील. आज डेट्रॉईटच्या शंभर रहिवाशांतील तीन चतुर्थांशाहून अधिक कृष्णवर्णीय आहेत. मिशिगनमध्यें शाळांच्या इमारतींचा खर्च अद्यापहि मुख्यतः स्थानिक मालमत्ताकरांतूनच निघतो. ज्या गांवच्या घरांस किंमत अधिक, त्या गांवच्या शाळेचें छप्पर चांगलें. आणि बससेवेची गोष्ट तर अशी कीं, प्रादेशिक बससेवेंतून आपलें गांव वगळून घेण्याची मुभा उपनगरांस कित्येक वर्षें होती, व अनेकांनीं तिचा लाभ घेतला. २०१६ सालीं सर्व प्रदेशास जोडणाऱ्या वाहतुकीसाठीं कराचा प्रस्ताव आला. तो मतदानांत थोडक्यांत पडला. ज्याच्यापाशीं मोटार नाहीं त्यानें उपनगरांतील कामावर जावें कसें, आणि तो गेला नाहीं म्हणून त्यास आळशी म्हणावें कोणत्या तोंडानें?

आमचे कांहीं मित्र विचारतील, परक्या देशाच्या भानगडींत आपण कां पडावें? आपण पडलोंच आहों. ट्रॉय किंवा नोव्हाय येथें घर घेऊन नागरिक झालेला मराठी इंजिनियर तेथें मतदार आहे, करदाता आहे. बसच्या करावर आणि लहान, स्वस्त घरांस परवानगी देण्याच्या प्रश्नावर त्याचें मत मोजलें जातें. त्या वेळीं तो घराच्या किमतीकडे पाहून मत देतो कीं न्यायाकडे, हा आपलाहि प्रश्न आहे; कारण न्यायाची कल्पना तो येथूनच घेऊन गेला.

आणि येथली कल्पना तरी काय? गांवकुसाबाहेर महारवाडा ठेवणाऱ्या समाजास एट माइल रोड समजावून सांगण्याची गरज पडूं नये. डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठांत शिकले होते. त्यांनीं १९४६ सालीं कृष्णवर्णीयांचे विद्वान पुढारी ड्यू बॉइस यांस पत्र लिहिलें, कारण दोहोंकडच्या दुःखांतील साम्य त्यांस दिसत होतें. तें साम्य पाहण्याचें टाळून आपण मात्र सरहद्दीच्या सोयीस्कर बाजूस जाऊन बसलों. जात, धर्म आणि जेवणांतील पदार्थ विचारून घर नाकारणें आपल्या शहरांतून संपलेलें नाहीं. २००५ सालीं भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें अहमदाबादच्या एका सहकारी गृहसंस्थेस आपलें सभासदत्व एकाच समाजापुरतें राखण्याची मोकळीक दिली. अमेरिकेच्या न्यायालयानें अशा अटींस १९४८ सालींच आधार देण्याचें नाकारलें होतें, हें येथें स्मरावें.

तेव्हां आमची मागणी दुहेरी आहे. मुलांकडून परत येणाऱ्यांनीं ओसाड घरांचीं वर्णनें करण्याआधीं तीं ओसाड कशीं झालीं याची चौकशी करावी, आणि फोनवर बोलतांना आपल्या मुलांस तीहि सांगावी. पुढच्या मतदानांत बसच्या कराचा किंवा स्वस्त घरांचा प्रश्न आला तर त्यांनीं कोणत्या बाजूनें मत दिलें, हें विचारावयास संकोचूं नये. आणि ज्यांना मुलांस हा प्रश्न विचारावयाचा आहे, त्यांनीं आपल्या गृहसंस्थेच्या पुढील सभेंत, भाडेकरूची जात, धर्म वा स्वयंपाक विचारण्याचा प्रघात बंद करण्याचा ठराव आधीं मांडावा.