उपस्थात्याची चिकित्सा

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. पदवी परीक्षेत यावर प्रश्न हमखास येतो आणि प्रत्येक पादाचे चार गुण आपण पाठ करून लिहून येतो. पुढे व्यवसायात पहिल्या दोन पादांची चर्चा होते, चौथ्याची नाडी पाहिली जाते. तिसरा पाद मात्र बाकावर पिशवी सांभाळीत बसलेला असतो. रोग आकस्मिक व गंभीर असेल आणि रोगी लहान मुलांचा पिता किंवा माता असेल, तेव्हा ही उपेक्षा त्या घराला फार महागात पडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मेंदूतील रक्तस्राव, तीव्र हृद्रोग, प्रसूतीनंतरचा जंतुसंसर्ग, वाहनाचा अपघात अशा प्रसंगी रुग्णाला तातडीने अतिदक्षता विभागात धाडणे हे आपले कर्तव्य आहे आणि बहुतेक वैद्य ते चोख बजावतात. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका गेली की आपले काम संपले, ही समजूत मात्र तपासून पाहिली पाहिजे. घरातील उरलेली माणसे अजून आपल्याच गावात असतात.

एका नऊ वर्षांच्या मुलाला उदरशूलासाठी त्याची आत्या माझ्याकडे घेऊन आली. वडील, वय अडतीस, मेंदूतील रक्तस्रावामुळे शहरात कृत्रिम श्वासावर होते, आई तिथेच. मुलांना ‘बाबा कामासाठी मुंबईला गेलेत’ असे सांगण्यात आले होते. उदरपरीक्षणात काही सापडले नाही. आत्याला बाहेर बसवून विचारल्यावर मुलगा हळूहळू बोलला. बाबा कुठे आहेत हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. त्याच संध्याकाळी त्याने सायकलीसाठी हट्ट धरला होता, बाबा रागावले होते आणि म्हणून हे सारे आपल्यामुळे घडले, असे त्याने मनाशी धरले होते. मी त्याला सांगितले की बाबांच्या डोक्यातील एक रक्तवाहिनी रक्तदाबाने फुटली. हट्टाने ती फुटत नाही. नंतर आत्या आणि आजी या दोघींना समोर बसवून, मुलांना खरे सांगण्याविषयी बरीच हुज्जत घालावी लागली. हिंग्वाष्टक चूर्णही दिले होते, पण आलेला गुण त्याचा नव्हे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

मुलांपासून आजार लपविण्यात घरच्यांचे प्रेमच असते, हे मान्य. परंतु मूल घरातील कुजबुज ऐकते, रिकामी खुर्ची पाहते आणि उरलेली कथा स्वतः रचते. ती सत्याहून बहुधा भयंकर असते. त्याला वयानुसार तीन गोष्टी कळाव्यात : आजाराचे नाव, तो कोणाच्याही चुकीने झालेला नाही हे, आणि आज रात्री आपल्याजवळ कोण निजणार. ‘बाबा नक्की बरे होतील’ हे वचन मात्र कोणी देऊ नये. आणि ‘तू आता मोठा झालास, रडायचे नाही’ असे म्हणणाऱ्या काका-मामांना आपण अधिकाराने थांबविले पाहिजे. अधारणीय वेगांत बाष्पवेगाची गणना आहे, ती काय केवळ प्रौढांसाठी आहे?

पत्नीची अवस्था वेगळी. रात्री बाकावर जागरण, दिवसभर चहा आणि कोरडा चिवडा, आणि न समजणाऱ्या कागदांवर सह्या. तिची क्षुधा व निद्रा मारली जाते. वातप्रकोपास याहून दुसरे कारण शोधण्याची गरज नाही. अंगावर पिणारे मूल असेल तर शोकाने स्तन्य आटते, हे सुश्रुतांनी नोंदविलेले आहे. अशा स्त्रीला ‘काळजी करू नका’ असे सांगणे व्यर्थ होय. दिरांना बोलावून रात्रीच्या पाळ्या लावून द्याव्यात, डब्यात तूप घातलेला मऊ भात व मुगाचे कढण धाडण्यास सांगावे, कागदांसाठी एक फाइल आणि डॉक्टरांशी बोलण्यासाठी एकच व्यक्ती ठरवून द्यावी. ही देखील चिकित्साच आहे.

पैशाच्या बाबतीतही आपले अज्ञान परवडणारे नाही. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांना खुला झाला असून मर्यादा वर्षाला ५ लाख रुपयांची आहे. परंतु तो अंगीकृत रुग्णालयांत व ठरलेल्या उपचारांसाठीच मिळतो. म्हणून नातेवाइकांनी पहिल्याच दिवशी तेथील आरोग्यमित्राला गाठले पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला शोधून ठेवा, एवढे वाक्य वेळेवर उच्चारले गेले तर एखादी जमीन गहाण पडण्यापासून वाचू शकते.

आता एक अप्रिय मुद्दा. अतिदक्षता विभागातील रुग्णासाठी पुडीतून भस्म किंवा चूर्ण धाडण्याचा मोह काही वैद्यमित्रांना होतो. ज्याच्या रक्तातील प्रत्येक घटकावर तासागणिक नजर ठेवली जात आहे, त्याला तेथील डॉक्टरांच्या नकळत नळीतून काहीही देणे शास्त्रसंमत नाही आणि सुरक्षित तर नाहीच. त्याहून वाईट म्हणजे, ‘माझ्याकडे आधी आणले असते तर’ हे वाक्य. त्याने आधीच दोष शोधीत बसलेल्या घरात कायमचे वैर पेरले जाते. रोगी अरिष्टावस्थेत आहे हे जाणूनही, बोलल्याने रोग्याला वा इतरांना अपाय होणार असेल तिथे ते बोलू नये, अशी चरकांची विमानस्थानात वैद्याला आज्ञा आहे. हा संयम बढाईलाही लागू पडावा.

आपले अनेक तरुण स्नातक शहरांतील रुग्णालयांत रात्रपाळीस निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करतात. मुख्य तज्ज्ञ सकाळी पाच मिनिटे येतात. पहाटे तीन वाजता दाराशी उभ्या असलेल्या पत्नीशी बोलणारा मनुष्य हाच असतो. त्याला ही भाषा कोणी शिकविलेली नाही, आणि संघटनेच्या चर्चासत्रांतही आजवर तिला स्थान मिळालेले माझ्या पाहण्यात नाही.

रुग्ण पक्षाघात घेऊन घरी परततो तेव्हा स्नेहन-स्वेदनासाठी त्याला आपल्याकडे आणले जाते. तिथे आपली मातब्बरी आहे. पण तोपर्यंत सुमारे महिनाभर लोटलेला असतो. प्रत्येक तालुका शाखेने नजीकच्या अंगीकृत व धर्मादाय रुग्णालयांची, रक्तपेढ्यांची यादी आणि मानसिक आधारासाठी २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक एका पानावर छापून सदस्यांच्या दवाखान्यांत लावावा, अशी सूचना मी येत्या वार्षिक सभेत मांडणार आहे. छपाईचा खर्च फारसा नाही. यादी दर सहा महिन्यांनी कोणी तपासायची, एवढाच प्रश्न उरतो.