चाऱ्याचे वाण आणि पाण्याचे वजन

पिकाचे नवे वाण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भरघोस कणीस येते. पण वाण गुरांसाठी करायचे असेल, तर महत्त्व दाण्याला नसून पाल्याला आणि कांडाला असते.

गहू आणि राय यांच्या संकरातून ट्रिटिकेल हे पीक जन्मले. १८७५ साली स्कॉटलंडमध्ये विल्सन यांना मिळालेली अशी रोपे वांझ निघाली. गुणसूत्रांच्या जोड्या जुळत नसल्याने बी धरेना. १९३७ नंतर कॉल्चिसिन वापरून गुणसूत्रे दुप्पट करता येऊ लागली, तेव्हा ही अडचण हमखास दूर होऊ लागली. बाजरीची गुणसूत्रे १४, नेपियर गवताची २८; त्यांच्या संकरात २१ येतात आणि तोही वांझच. पण चाऱ्याला बी हवे कशाला? दोन डोळ्यांची कांडी लावली की झाले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘यशवंत’ आणि ‘फुले जयवंत’ ही वाणे याच संकरातली.

मात्र अशा वाणांची थोरवी ‘हेक्टरी इतके टन हिरवा चारा’ एवढ्या एकाच आकड्याने सांगितली जाते, हे मला पटत नाही. तराजू पाणीही तोलतो. हिरव्या नेपियरमध्ये सुमारे चार-पंचमांश पाणी असते. म्हणजे १०० टन चाऱ्यात सुका ऐवज २० टनच. गुरांना पाणी लागतेच, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण ते बादलीनेही पाजता येते.

आमच्या सिंधुदुर्गात पाऊस ३,००० मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण जांभ्यातून झिरपून जातो. पावसाळा सरला की सडे पिवळे पडतात आणि गुरांपुढे भाताचा पेंढा येतो. त्यात प्रथिने शेकडा चारच्या आतबाहेर. नेपियरच्या सुक्या वजनात ती शेकडा आठ ते दहा. तेव्हा येथल्या वाणाची कसोटी अशी हवी : एप्रिल-मे महिन्यांत, जांभ्याच्या जमिनीत, दर हजार लिटर पाण्यामागे सुका चारा किती किलो आणि त्यात प्रथिने किती?

विद्यार्थी मित्रहो, प्रथिने मोजायला प्रयोगशाळा लागते. पाणी मोजायला तराजू पुरतो. एक किलो ताजा चारा चिरून उन्हात वाळवा आणि वजन घटायचे थांबेपर्यंत रोज तोला. निरनिराळ्या गवतांचे आकडे फळ्यावर मांडा. मग गावातल्या गोठेवाल्यांनाही ते दाखवा; पुढच्या खेपेस कांड्या विकत घेताना ते नेमका प्रश्न विचारतील.