शिवारफेरी : भूगोलाच्या तासाला हरवलेले दोन गुंठे



या सदरात आपण नेहमी बी-बियाणे, खते, कीड आणि रोग यांविषयी बोलतो. आज जरा शाळेत जाऊन बसू. कारणही तसेच घडले आहे.

गेल्या पौषात पुरंदर तालुक्यातील एका गावी रब्बी ज्वारीची पाहणी करायला गेलो होतो. ज्वारी हुरड्यात आली होती. बांधावर पाऊल ठेवले नाही तोच शेताचे धनी म्हणाले, "साहेब, ज्वारीचं ऱ्हाऊ द्या. आधी मला सांगा, माझं दोन गुंठं कुठं गेलं?"

प्रकार असा होता. त्यांचा मुलगा नववीत शिकतो. भूगोलाच्या बाईंनी वर्गात उपग्रहाने टिपलेले गावाचे चित्र पडद्यावर दाखवले. देऊळ, पाझर तलाव, शाळेचे पत्रे, सारे ओळखू येत होते. मग अंतर कसे मोजावे, क्षेत्र कसे काढावे हे शिकवले आणि घरचा अभ्यास दिला, की आपापले शेत मोजून आणा. मुलाने वडिलांचा मोबाईल घेतला, शेताभोवती बोटाने रेघ ओढली, तर आकडा आला 38 गुंठे. सातबाऱ्याप्रमाणे शेत 40 गुंठ्यांचे. शेजारचे रान धाकट्या भावाचे. मग काय विचारता! सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आवाज चढले. दोन दिवस भावाभावांत बोलणे नव्हते. मुलगा बिचारा घरात चोरासारखा वावरत होता.

मी म्हटले, "चला, शाळेतच जाऊ."

बाईंनी सारे शांतपणे ऐकून घेतले. म्हणाल्या, "चूक माझीही आहे. मोजायला शिकवलं, पण मोजण्यात फरक किती पडतो, ते पुढच्या तासाला सांगणार होते." आणि तो तास त्यांनी लगेच घेतला. मुलांना मैदानावर नेले. पाच गटांनी मैदान मोबाईलवर मोजले, सहाव्या गटाने फीता लावून मोजले. पाच गटांचे पाच आकडे आले आणि फीत्याशी एकाचाही जुळला नाही. कोणी कुंपणाच्या आतून रेघ ओढली होती, कोणी बाहेरून. एका कोपऱ्यात लिंबाच्या झाडाची सावली पडली होती, तिथे तर प्रत्येकाने अंदाजच केला होता.

मग बाईंनी फळ्यावर हिशेब मांडला. तो मी इथे देतो, कारण तो घराघरांत माहीत असला पाहिजे.

पूर्वी मुंबई इलाख्यात जमीन मोजायला 33 फुटांची साखळी असे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तो एक गुंठा, म्हणजे 1,089 चौरस फूट. असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. एक एकराचे चौकोनी शेत घेतले तर त्याची प्रत्येक बाजू साधारण 209 फूट भरते. आता एका बाजूची रेघ फक्त 10 फूट आत सरकली, तर 2,090 चौरस फूट कमी झाले. म्हणजे जवळजवळ दोन गुंठे! समोरासमोरच्या दोन बाजूंना पाच-पाच फूट सुटले, तरी हिशेब तोच.

वर्ग शांत झाला. मग आपला तो मुलगा हळूच उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, मी ज्वारीच्या कडंनं रेघ मारली. दोन्हीकडचा बांध धरलाच नाही."

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. दाराशी उभ्या उभ्या त्यांनी टोपी काढली आणि परत घातली.

बंधूंनो, यातून पहिली गोष्ट ध्यानात घ्या. मोबाईलवर दिसणारा नकाशा अभ्यासाला फार चांगला, पण बांधाचा निवाडा करायला नाही. मोबाईल हातात धरून बांधावर उभे राहिलात, तरी मोकळ्या आभाळाखालीसुद्धा तो तुमची जागा साधारण 5 मीटर, म्हणजे 16 फूट इकडेतिकडे दाखवू शकतो. झाडाखाली आणि कड्याजवळ फरक आणखी वाढतो. आपली भांडणे तर दोन-चार फुटांची असतात. सरकारच्या महाभूनकाशा या संकेतस्थळावर गटाचा नकाशा पाहायला मिळतो. तो जरूर पाहा, पण त्यावरून बांध कोरायला जाऊ नका. हद्दीची शंका असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा. भूकरमापक रीतसर मोजून खुणा दाखवतो.

मग मुलांच्या हातून तो नकाशा काढून घ्यावा काय? मुळीच नाही. त्याच शाळेत मी आणखी एक काम पाहिले, ते सांगतो.

नववीच्या भूगोलात वितरणाचे नकाशे असतात. बाईंनी पुस्तकातला नकाशा नुसता गिरवून घेतला नाही. मुलांनी गावातील विहिरी एकेक करून नकाशावर ठिपक्यांनी मांडल्या. प्रत्येक विहिरीच्या मालकाला विचारून आले, पाणी कधी तळाला जाते? माघातच आटणारी लाल, चैत्रापर्यंत पुरणारी पिवळी आणि वैशाखातही तग धरणारी निळी. ठिपके रंगवून झाल्यावर साऱ्यांना दिसले, की निळे ठिपके पाझर तलावाच्या खालच्या अंगाला आणि ओढ्याकाठी दाटले आहेत, तर लाल ठिपके माळावर विखुरले आहेत. आपल्याकडचा खडक काळा कातळ. पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत. ते उताराने सरकते आणि सखल भागी साठते. हे मी सभांतून कितीदा सांगितले असेल! पण स्वतःच्या विहिरीचा ठिपका लाल झालेला पाहून एक मुलगी घरी म्हणाली, "आबा, नवी विहीर खणायच्या आधी वरचा ओढा अडवायला पाहिजे." हे माझ्या दहा भाषणांनी झाले नसते.

त्यानंतर मुलांनी तोच ओढा पडद्यावर बोट ठेवून पुढे नेला. ओढा कऱ्हेला मिळतो, कऱ्हा बारामती तालुक्यात नीरेला, नीरा नरसिंहपुराजवळ भीमेला, भीमा पुढे कर्नाटक-तेलंगण सीमेवर कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. आपल्या बांधावरची माती वाहून कुठवर जाते, हे पोरांना एका तासात कळले.

आता माझीही एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याच्या शेततळ्याची जागा मी कार्यालयात बसून पडद्यावरच्या उतारावरून ठरवली. त्यांच्या आई म्हणाल्या होत्या, "बाबा, हितं पाणी येत न्हाई, मोरीनं पलीकडं जातं." मी म्हातारीचे बोलणे कानाआड केले. तळे खोदले. पावसाळा बरा झाला, तरी तळ्यात गुडघाभर पाणी आले नाही. रस्त्याखालची मोरी सारा लोट दुसरीकडे नेत होती आणि ती पडद्यावर दिसतच नव्हती. फुकट मिळणारी उंचीची माहिती बहुधा 30 मीटरच्या चौकोनांची असते. म्हणजे सुमारे नऊ गुंठ्यांच्या तुकड्याला एकच उंची, आणि तीही काही मीटर चुकू शकते. त्यात मोरी, पाट, चाकोरी कुठून दिसणार? पडदा डोंगराचा उतार सांगतो, रानाचा उतार पायांनीच कळतो. तो खर्च त्या घराला सोसावा लागला, ही बोच मला अजून आहे.

म्हणून आईबापांना माझे चार शब्द.

पोरगे किंवा पोरगी भूगोलासाठी मोबाईल मागत असेल, तर अर्धा तास द्यावा आणि आपणही शेजारी बसावे. इस्रोने 2009 साली सुरू केलेले 'भुवन' संकेतस्थळ किंवा गुगल अर्थ यांवर आपले गाव पाहता येते. आधी मुलाला कोऱ्या कागदावर आठवणीने शिवाराचा नकाशा काढू द्या. मग पडद्याशी ताडून पाहा. जिथे जुळत नाही, तिथे दुसऱ्या दिवशी पायी जाऊन या. चूक कागदाची की पडद्याची, ते मुलालाच ठरवू द्या.

क्षेत्र चौरस मीटरमध्ये आले तर 101 ने भागावे, म्हणजे गुंठे निघतात. पण त्या आकड्यापुढे 'अंदाजे' हा शब्द लिहायला मुलाला जरूर शिकवा.

आजी-आजोबांना रानांची जुनी नावे विचारून नकाशावर लिहून घ्या. आपल्या माळाला, टेकाडाला, ओढ्याच्या वळणाला नावे आहेत. ती कोणत्याही उपग्रहाला माहीत नाहीत. ती माणसे गेली, की नावेही जातील.

शाळेत मोबाईल कमी असतील तर पाच मुलांत एक पुरतो. गावात रेंज नसेल, तर शिक्षकांनी चित्र आधी उतरवून ठेवावे. 2018 साली आलेल्या दहावीच्या पुस्तकाचा पहिलाच धडा क्षेत्रभेटीचा होता. क्षेत्रभेटीसाठी दूरची सहलच हवी असे नाही. आपले शिवार पुरेसे आहे, आणि मुलांना तिथे घेऊन जायला गावातला कोणीही जाणता शेतकरी आनंदाने तयार होईल.

परवा पुन्हा त्या गावी गेलो होतो. दोघा भावांनी मिळून मोजणीचा अर्ज केला आहे. फी निम्मी निम्मी भरली. थोरले म्हणाले, "साहेब, खुणा कुठंबी निघू द्या. पाण्याची पाळी ठरल्याप्रमाणंच चालू हाय." धाकट्याच्या ओट्यावर बसून आम्ही चहा घेतला. तो मुलगा तिथेच कागद पसरून बसला होता आणि चुलते त्याला वरच्या टेकाडाचे जुने नाव सांगत होते.

पुढच्या अंकी हरभऱ्यावरील घाटे अळीविषयी बोलू. तोवर राम राम.