भांडवल कुणी केलं?

एका अनुवादाच्या हस्तलिखितात ‘एक्स्प्लॉइटेशन फिल्म’साठी ‘शोषणपट’ असा प्रतिशब्द वाचला आणि अडले. शब्दकोशाच्या हिशेबानं त्यात चूक नाही. पण अमेरिकी सिनेधंद्याच्या बोलीत अर्थ वेगळा आहे. लोकांच्या मनात आधीच खदखदणारा विषय उचलायचा, चार पैशांत सिनेमा उरकायचा, भडक पोस्टर लावायचं आणि गल्ला भरायचा. मराठीत याला नेमका वाक्प्रचार आहे: एखाद्या गोष्टीचं भांडवल करणं. मी ‘भांडवलपट’ सुचवला. संपादकांना तो अर्थशास्त्रातला वाटला. असो. पण या शब्दामागून जी तुच्छता येते, ती मात्र ‘असो’ म्हणून सोडता येत नाही.

साहित्यवाल्यांना, म्हणजे आपल्याला, अमेरिकेतला वर्णद्वेष सिनेमातून दाखवायचा झाला की हात ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’कडे जातो. १९६२ सालचा चित्रपट, ग्रेगरी पेकला ऑस्कर, मागे मोठी कादंबरी. गोष्ट १९३० च्या दशकातली, गाव कॅलिफोर्नियात युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात उभारलेलं. त्या गावाच्या कलादिग्दर्शनालाही ऑस्कर मिळालं. म्हणजे प्रश्न तीस वर्षं मागे ढकललेला आणि दोनेक हजार मैल दूर नेलेला.

त्याच वर्षी, काही महिने आधी, रॉजर कॉर्मनचा ‘द इंट्रूडर’ आला होता. कॉर्मन म्हणजे राक्षस, खेकडे आणि भुताटकी विकणारा माणूस. काही दिवसांत अख्खा सिनेमा संपवण्याबद्दल प्रसिद्ध. चार्ल्स बोमाँटच्या कादंबरीवरचा हा सिनेमा करायला त्याचे नेहमीचे भिडू तयार झाले नाहीत, तेव्हा त्यानं आणि भाऊ जीननं स्वतःचे पैसे घातले. खर्च लाख डॉलरच्याही आत. चित्रीकरण मिसूरीच्या आग्नेय टोकाला, खऱ्या गावांत. वेळही तेव्हाचीच. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९५४ चा. १९५६ मध्ये टेनेसीतल्या क्लिंटन गावच्या शाळेत बारा काळी मुलं दाखल झाली आणि जॉन कॅस्पर नावाचा बाहेरचा तरुण तिथं गोऱ्यांना चिथवायला पोहोचला. दोन वर्षांनी ती शाळा सुरुंगानं उडवली गेली. ‘इंट्रूडर’मधला अ‍ॅडम क्रेमर हा या कॅस्परवरून बेतलेला. भूमिकेत विल्यम शॅटनर, अजून ‘स्टार ट्रेक’चा कप्तान न झालेला: गोड हसणारा, आदबीनं बोलणारा, पांढऱ्या सुटातला.

कोर्टाच्या पायऱ्यांवरचं त्याचं भाषण पाहावं. समोरची गर्दी बहुतांशी गावातलीच माणसं. त्यांना पूर्ण पटकथा दिलेली नव्हती, आणि क्रेमर हा खलनायक आहे हे त्यांतल्या अनेकांना ठाऊक नव्हतं. चेहऱ्यांवर आधी कुतूहल येतं, मग मजा, मग हुरूप. ही मजा मला महत्त्वाची वाटते. द्वेष म्हणजे दातओठ खाणं अशी आपली समजूत असते. इथं तो जत्रेसारखा दिसतो. पुढे सिनेमाचा रोख लोकांच्या लक्षात आला तसं वातावरण तापलं आणि शेवटचा शाळेचा प्रसंग वेगवेगळ्या जागी, पळापळीत पुरा करावा लागला. स्टुडिओत बांधलेल्या गावात ही अडचण येत नाही.

‘मॉकिंगबर्ड’मध्येही जमाव आहे. तुरुंगाच्या दारात तो येतो आणि एका लहान मुलीनं ओळख काढून चौकशी केली की शरमून परत जातो. चांगल्या सिनेमाला माणसाबद्दल असा विश्वास परवडतो. टॉम रॉबिन्सन मरतो तोही पडद्याबाहेर. पळून जाताना गोळी लागली, ही बातमी त्याचा गोरा वकील आपल्याला आणून देतो. काळ्या माणसाचं मरण गोऱ्या माणसाच्या दुःखातून पोहोचवण्याची ही रीत इतकी सभ्य आहे की ती खटकतही नाही.

‘इंट्रूडर’चाही शेवट कच्चा आहे हे मान्य करायला हवं. खोटा आरोप उघडा पडतो आणि तिथलाही जमाव पांगतो. काळी पात्रं थोर आणि मुकी. पण काळ्यांच्या चर्चमध्ये स्फोट होतो, धर्मोपदेशक मरतो, आणि मुलांसोबत शाळेपर्यंत चालत गेलेला गोरा संपादक डोळा गमावतो. यातलं काहीच सुरेख करून दाखवलेलं नाही. सिनेमा आपटला. नंतर ‘आय हेट युअर गट्स!’ असल्या नावानं पुन्हा विकायला काढला, तरी फार फरक पडला नाही. त्यानंतर आशय करमणुकीच्या पोटात दडवायचा हे कॉर्मन शिकला.

दडवण्याचं ते काम सहा वर्षांनी पिट्सबर्गच्या एका जाहिरातपट काढणाऱ्या टोळक्यानं पूर्ण केलं. जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’, खर्च सुमारे १ लाख १४ हजार डॉलर. मेलेले उठून जिवंतांना खातात, एका शेतघरात सातजण अडकतात, आणि त्यांतला शहाणा, हातात बंदूक आणि हातोडा असलेला माणूस काळा आहे. ड्युएन जोन्सच्या बेनचा रंग संवादांत एकदाही निघत नाही. चाचणीत तो सर्वांत चांगला ठरला म्हणून घेतला, असं रोमेरो सांगत असे. यावरून काही समीक्षक म्हणतात की सिनेमातलं राजकारण अपघाती आहे. हेतूची पावती मागणारी ही समीक्षा कवितेला आपण केव्हाच लावणं सोडलं. स्वस्त सिनेमाला मात्र अजून लावतो.

सकाळी बंदूकवाल्यांची टोळी येते. कुत्री, थर्मासमधली कॉफी, दूरचित्रवाणीच्या वार्ताहराशी गप्पा. सुगीला निघावं तशी माणसं. रात्रभर तग धरलेला बेन खिडकीशी येतो, कुणीतरी नेम धरतो, आणि झालं. मग श्रेयनामावलीबरोबर दाणेदार स्थिरचित्रं: मांस ओढायचे आकडे, प्रेत, चिता. लिंचिंगची जुनी छायाचित्रं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना समजावून सांगायची गरज नाही. हा जमाव शरमून परत जात नाही. मार्टिन ल्यूथर किंगचा खून एप्रिल १९६८ मधला, सिनेमा लागला ऑक्टोबरात.

आता आक्षेपांकडे. या सिनेमांवर सर्वांत धारदार टीका काळ्यांनीच केली. १९७१ मध्ये मेल्विन व्हॅन पीबल्सच्या ‘स्वीट स्वीटबॅक’ची सुरुवात फक्त दोन थिएटरांत झाली आणि तरी त्यानं कोट्यवधी डॉलर मिळवले. ह्यूई न्यूटननं ‘ब्लॅक पँथर’ पत्राचा अंक त्यावर खर्च केला; ‘एबनी’ मासिकात लेरोन बेनेट यांनी त्याची सालटी काढली. (त्यातलं सुरुवातीचं, लहान मुलाचं दृश्य मला आजही अक्षम्य वाटतं.) पुढच्या वर्षी ‘ब्लॅक्सप्लॉइटेशन’ हा शब्दच मुळी एनएएसीपीच्या ज्युनियस ग्रिफिन यांनी टीकेसाठी वापरात आणला: गुंड आणि दलाल आमचे, नफा गोऱ्यांचा. यातला प्रत्येक मुद्दा रास्त आहे. पण हे लोक सिनेमा पाहून भांडत होते. आपण न पाहता नाक मुरडतो, आणि त्याला अभिरुची म्हणतो.

मराठीत हे जास्त खुपतं. म. ना. वानखेडे, जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतल्या काळ्यांचं साहित्य दलित साहित्याशेजारी ठेवून वाचायला शिकवलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती नावासकट त्याच नात्यातून. ढसाळांच्या कवितेतली शिवराळ भाषा हे साहित्य आहे, हे पटवायला पाव शतक भांडलेले आपण. ऑकलंडच्या पँथरांनी डोक्यावर घेतलेला सिनेमा मात्र तुलनेच्या टेबलावर घेतला नाही. तिथं अजून बाल्डविन, राइट आणि मध्ये कुठेतरी ग्रेगरी पेक.

‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चं नाव ऐनवेळी बदललं, तेव्हा नव्या शीर्षकपट्टीवर स्वामित्वहक्काची ओळ घालायची राहून गेली. त्यामुळे तो सिनेमा कुणाच्याच मालकीचा उरला नाही. आज कुणीही तो फुकट पाहू शकतं, दाखवू शकतं, उपशीर्षकं लावू शकतं. तेव्हा प्रत मिळत नाही, ही सबब तौलनिक साहित्याच्या विभागांनी निदान या एका सिनेमापुरती पुढे करू नये. मराठी उपशीर्षकं मी करून देईन, मानधनाशिवाय.