विश्लेषण : सरकारी कार्यालयांना ‘ऑनलाइन न्यूजरूम’ कशासाठी हवी?

पावसाळ्यात दरवर्षी हमखास घडणारा प्रसंग. रात्री दहाच्या सुमारास व्हॉट्सॲपवर जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचे पत्र फिरू लागते : ‘उद्या सर्व शाळांना सुट्टी’. पत्र खरे असते, सहीही खरी असते. फक्त ते गेल्या वर्षीचे असते. तारखेचा वरचा भाग कोणीतरी कापलेला असतो. वृत्तपत्रांच्या कार्यालयात पालकांचे फोन सुरू होतात. वार्ताहर अधिकाऱ्याला फोन लावतो, तो लागत नाही. संकेतस्थळ उघडावे, तर ‘ताज्या घडामोडी’खाली निविदा आणि सत्काराची छायाचित्रे. अशा वेळी एका साध्या सोयीची उणीव जाणवते. जगभरातल्या संस्थांनी ती गेली तीन दशके विकसित केली आहे. तिचे नाव ‘ऑनलाइन न्यूजरूम’.

ऑनलाइन न्यूजरूम म्हणजे काय?

येथे न्यूजरूम म्हणजे वृत्तपत्राचा संपादकीय विभाग नव्हे. एखाद्या संस्थेने पत्रकारांना लागणारी माहिती एकाच ठिकाणी मिळावी म्हणून संकेतस्थळावर केलेला स्वतंत्र विभाग, असा त्याचा अर्थ. त्यात प्रसिद्धिपत्रके, आकडेवारी, छायाचित्रे, पूर्वपीठिका, जुन्या पत्रकांचा संग्रह आणि संपर्काचे क्रमांक असतात. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचे (पीआयबी) संकेतस्थळ हे त्याचे परिचित उदाहरण. तेथील प्रत्येक पत्रकावर प्रसिद्धीची तारीख, वेळ आणि स्वतंत्र क्रमांक असतो. राज्यात माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाचे ‘महासंवाद’ पोर्टल आहे. प्रश्न आहे तो त्याखालच्या पातळीचा : महापालिका, जिल्हा प्रशासन, पाटबंधारे विभाग, विद्यापीठे, सरकारी रुग्णालये. वाचकाच्या रोजच्या जगण्याशी संबंधित बातमी बहुतेक वेळा तेथूनच येते.

ही कल्पना आली कोठून?

तिचे मूळ एका रेल्वे अपघातात आहे. २८ ऑक्टोबर १९०६ रोजी अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलरोडची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली आणि पन्नासहून अधिक प्रवासी मरण पावले. अपघात दडपण्याचाच तेव्हा रेल्वे कंपन्यांचा प्रघात होता. कंपनीचे सल्लागार आयव्ही ली यांनी उलटा मार्ग धरला. त्यांनी कंपनीचे निवेदन वृत्तपत्रांना दिले आणि पत्रकारांना घटनास्थळी नेण्याची व्यवस्था केली. आधुनिक प्रसिद्धिपत्रकाची सुरुवात या घटनेपासून मानली जाते. पुढे टपाल, टेलिप्रिंटर, फॅक्स अशी साधने बदलत गेली. १९९६ मध्ये अमेरिकी विज्ञान संघटनेने (एएएएस) ‘युरेकअलर्ट’ ही ऑनलाइन सेवा सुरू केली. संशोधनाची माहिती तेथे पत्रकारांना आधी मिळते, मात्र ठरलेल्या वेळेपूर्वी ती छापायची नाही अशी अट असते. विषय समजून घ्यायला अवधी मिळावा, हा त्यामागचा हेतू. ‘नासा’ने २०१७ मध्ये छायाचित्रे व चित्रफितींचे शोधता येईल असे ग्रंथालयच खुले केले.

बनावट पत्रकाने काय होऊ शकते?

२२ नोव्हेंबर २०१६ रोजी फ्रान्समधील ‘विन्सी’ या बांधकाम कंपनीच्या नावाने वृत्तसंस्थांना एक पत्रक आले. हिशेबात गैरप्रकार आढळल्याने वित्त प्रमुखांना काढले, असे त्यात म्हटले होते. पत्रक बनावट होते आणि त्यासोबत मिळत्याजुळत्या नावाचे बनावट संकेतस्थळही तयार होते. ‘ब्लूमबर्ग’ने ठळक मथळे दिले आणि कंपनीचा समभाग काही मिनिटांत सुमारे १८ टक्क्यांनी घसरला. पडताळणी न केल्याबद्दल फ्रान्सच्या बाजार नियामकाने २०१९ मध्ये ब्लूमबर्गला ५० लाख युरोंचा दंड केला; अपिलात तो ३० लाखांवर आला. पत्रकाराने एकच गोष्ट करायची होती : कंपनीच्या मूळ संकेतस्थळावर हे पत्रक आहे का, ते पाहणे.

आपल्याकडे मात्र अनेकदा पाहण्यासारखे मूळ पानच नसते. तेथे पैशांपेक्षा मोठे नुकसान होऊ शकते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर दोनच दिवसांनी धरण फुटल्याची, समुद्राचे पाणी शिरल्याची अफवा मुंबईत पसरली आणि जुहूच्या नेहरूनगर वस्तीत चेंगराचेंगरी होऊन लहान मुलांसह अनेकांचा जीव गेला. तेव्हा हातोहाती स्मार्टफोन नव्हते. आज अफवेचा वेग कित्येक पटींनी वाढला आहे. अधिकृत खुलाशाचा वेग त्या प्रमाणात वाढलेला नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप असताना वेगळे पान कशाला?

जिल्ह्याजिल्ह्यांत पत्रकारांचे ग्रुप आहेत आणि बहुतेक पत्रके तेथेच येतात. ही सोय वेगवान आहे, पण तिच्यात तीन उणिवा आहेत. पहिली, पुढे पाठवलेल्या मजकुरावरून तो मुळात कोणी दिला हे कळत नाही. दुसरी, मजकूर टिकत नाही; सहा महिन्यांपूर्वीचे पत्रक शोधायचे तर हजारो ‘सुप्रभात’ मागे सारावे लागतात. तिसरी, ग्रुपमध्ये कोणाला घ्यायचे हे ॲडमिन ठरवतो. तालुक्याचा वार्ताहर, स्वतंत्र पत्रकार किंवा नावडते प्रश्न विचारणारा बातमीदार सहज बाहेर राहू शकतो.

‘जीओव्ही डॉट इन’ने संपणारा पत्ता फक्त सरकारी यंत्रणांनाच मिळतो. त्यामुळे त्या पत्त्यावरचा मजकूर कोणाचा, याबद्दल शंका उरत नाही. ग्रुप जरूर ठेवावा, पण त्यावर छायाचित्राऐवजी त्या पानाचा दुवा पाठवावा. मग कोणत्याही पत्रकाची खातरजमा एका क्लिकवर येते.

पानावर नेमके काय हवे?

धरणाच्या विसर्गाचे उदाहरण घेऊ. २५ जुलै २०२४ च्या पहाटे पुण्यातील सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठेचे पाणी घुसले. खडकवासल्यातून सोडल्या जाणाऱ्या पाण्याची पुरेशी पूर्वसूचना मिळाली नाही, अशी रहिवाशांची तक्रार होती. ‘विसर्ग वाढवण्यात आला आहे, नागरिकांनी सतर्क राहावे’ या वाक्यातून बातमीदाराला काहीच मिळत नाही. विसर्ग कितीवरून किती केला, किती वाजल्यापासून, कोणत्या पुलांना व वस्त्यांना धोका, पुढची माहिती किती वाजता आणि विचारायचे कोणाला, हे पाच तपशील हवेत. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर पाणी, एवढी तळटीप दिली तर नवख्या वार्ताहराची चूकही टळते.

हाच नियम इतर पत्रकांना लागू होतो. वर तारीख आणि वेळ. पहिल्याच परिच्छेदात निर्णय. मान्यवरांची नामावली शेवटी. सोबत छापण्याजोगे मोठे छायाचित्र आणि त्यातील व्यक्तींची नावे. आकडे तक्त्यात, आणि तो तक्ता उतरवून घेता येईल अशा फाइलमध्ये. संपर्क म्हणून कार्यालयाचा लँडलाइन देऊन भागत नाही, कारण पहिली आवृत्ती सुटते तेव्हा ते कार्यालय बंद असते. त्या रात्री फोन उचलण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याचे पद आणि क्रमांक हवा.

मराठीची अडचण काय?

अनेक कार्यालयांत पत्रक संगणकावर टंकले जाते, त्याची छापील प्रत काढली जाते, तिच्यावर सही-शिक्का होतो आणि मग ती स्कॅन करून पाठवली जाते. वाचणाऱ्याला ते मराठी दिसते. संगणकाच्या लेखी ते फक्त चित्र असते. त्यात शोध घेता येत नाही, मजकूर उचलता येत नाही आणि अंध पत्रकाराचे वाचन-सॉफ्टवेअर तेथे मुके होते. उपसंपादक मग तोच मजकूर पुन्हा टंकतो. या फेऱ्यात एखादे शून्य गळते आणि २० हजारांचे दोन हजार होतात.

दुसरी अडचण जुन्या फॉण्टची. युनिकोडपूर्व फॉण्टमध्ये देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागांवर बसवलेली असत. तो फॉण्ट संगणकात नसेल, तर ‘पाणीपुरवठा’ या शब्दाच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असल्याने मजकूर कोणत्याही फोनवर तसाच दिसतो आणि शोधयंत्रालाही सापडतो. त्यामुळे उपाय सोपा आहे : सहीची प्रत जोडावी, पण पानावर युनिकोड मजकूरच असावा. शिवाय मराठी पत्रक इंग्रजीच्या बरोबरीने यावे. दोन तासांनी आलेले भाषांतर मराठी वृत्तपत्राच्या ग्रामीण आवृत्तीला उपयोगी पडत नाही.

तांत्रिकदृष्ट्या हे किती अवघड?

फारसे नाही. महागडे पोर्टल आणि मुखपृष्ठावर सरकणारी चित्रे यांची गरज नाही. उलट ती घातक ठरतात. आपत्तीच्या रात्री एकाच वेळी हजारो लोक पान उघडतात आणि नेमके तेव्हाच मोबाइल नेटवर्क मंदावलेले असते. म्हणून पान हलके, मुख्यतः मजकुराचे आणि आधीच तयार करून ठेवलेले असावे. प्रत्येक भेटीला डेटाबेसकडे धाव घेणारे संकेतस्थळ अशा वेळी कोलमडते.

पत्रकाचा वेब पत्ता कायम राहणे तितकेच महत्त्वाचे. ठेकेदार बदलला, संकेतस्थळ नवे झाले आणि जुने सगळे दुवे मेले, हा अनुभव सार्वत्रिक आहे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच पत्ते बदलू नका, असे बजावले होते. चूक झाली तर पत्रक गुपचूप बदलू नये. ‘अमुक वाजता दुरुस्ती केली’ अशी नोंद करावी. नवे पत्रक आल्याची सूचना आपोआप देणारी आरएसएस सेवा १९९९ पासून उपलब्ध आहे आणि तिला खर्च जवळपास नाही. खरा खर्च माणसाचा आहे : रात्रीही पत्रक चढवण्याचा अधिकार असलेला, सहीसाठी चार टेबले फिरावे न लागणारा कर्मचारी.

कायदा काय सांगतो?

माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता माहिती प्रसिद्ध करायची आहे. त्यासाठी इंटरनेटसह विविध माध्यमे वापरावीत आणि स्थानिक भाषेचा विचार करावा, असे याच कलमात म्हटले आहे. म्हणजे न्यूजरूम ही पत्रकारांवरची मेहेरबानी ठरत नाही. नागरिकांना द्यायचीच असलेली माहिती वेळेवर आणि वापरता येईल अशा रूपात देण्याचा तो एक मार्ग आहे. त्यामुळेच हे पान लॉगइन किंवा अधिस्वीकृतीपत्राच्या कुलपाआड नसावे.

यात धोका नाही का?

आहे. पान नीट झाले की ‘सगळे तेथे टाकले आहे’ म्हणून पत्रकार परिषद टाळण्याची सवय लागू शकते. दुसरीकडे, पत्रक जसेच्या तसे छापण्याचा मोह कमी मनुष्यबळाच्या वृत्तपत्रांना होतो. संस्थेने दिलेली माहिती ही संस्थेची बाजू असते. तिची दुसरी बाजू शोधायला बातमीदाराला वस्तीत जावेच लागते. फक्त, तारीख आणि आकडा मिळवण्यात त्याचे दोन तास गेले नाहीत, तर त्या वस्तीत जायला त्याच्याकडे वेळ उरतो.

आणखी एक फायदा पूर ओसरल्यावर कळतो. इशारा दिला होता की नाही, दिला तर किती वाजता, यावर तेव्हा प्रशासन आणि रहिवासी यांच्यात वाद होतो. वेळेची नोंद असलेले, मागाहून न बदललेले पान त्या वादात दोघांच्याही कामी येते. वेळेवर इशारा देणाऱ्या अधिकाऱ्याला ते वाचवते, आणि न दिलेला इशाराही लपत नाही. अशी पाने तयार करण्यात तंत्रज्ञानाची अडचण उरलेली नाही. वेळेची नोंद ठेवण्याची तयारी कोणत्या कार्यालयाची आहे, हे येत्या पावसाळ्यात दिसेल.