दारू, मेंदू आणि संप्रेरकं

दारू सुटत नाही याचा दोष आपण अजूनही माणसाच्या मनोबलावर टाकतो. पुण्यात १९८६ साली ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, तेव्हापासून व्यसन हा आजार आहे हे महाराष्ट्र ऐकत आला आहे. पण या आजारात शरीरात नेमकं काय बदलतं, हे घराघरांत पोचलेलं नाही. म्हणून हा अंक.

वर्षानुवर्षं दारू मिळत राहिली की मेंदू तिच्या गुंगीशी जुळवून घेतो. मेंदूतल्या रसायनांपैकी शांत करणाऱ्या ‘गाबा’चा प्रभाव घटतो, उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटचा वाढतो. मग दारू अचानक थांबली की हात थरथरतात, झोप उडते, कधी झटकेही येतात. व्यसनामुळे संप्रेरकंही बिघडतात: ताणाशी निगडित कॉर्टिसॉल चढतं, पुरुषांत टेस्टोस्टेरॉन घटू शकतं, स्त्रियांची मासिक पाळी बिघडू शकते. दारूमुळे होणाऱ्या बी-१ जीवनसत्त्वाच्या अभावानं स्मृती ढासळू शकते.

आशेची बाजूही आम्ही तितक्याच ठळकपणे मांडली आहे. दारू सुटल्यावर मेंदू आणि संप्रेरकं बऱ्याच अंशी सावरतात. मात्र जुनं व्यसन डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावं. अंक वाचा, घरात त्यावर मोकळेपणानं बोला आणि तुमचे अनुभव, प्रश्न, मतभेदही आम्हाला जरूर कळवा.