सेप्सिस : दाहच जेव्हा घातक ठरतो
1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि देशी पेनिसिलिनमुळे जंतूंशी लढण्याचे साधन हाती आले. परंतु रक्तात पसरलेल्या तीव्र संसर्गात केवळ जंतूच नव्हे, तर शरीराचा बेताल प्रतिसादही जीव घेतो. पांढऱ्या पेशींतून सुटणारी सायटोकाइन्स, म्हणजे दाह चेतवणारी संदेशवाहक प्रथिने, प्रमाणाबाहेर वाढली की रक्तवाहिन्या सैलावून पाझरू लागतात, रक्तदाब कोसळतो आणि मूत्रपिंडे व फुप्फुसे निकामी होऊ लागतात, हाच सेप्सिस. त्याची सुरुवात कामावरील जखमेतूनही होऊ शकते : चाकणच्या एखाद्या कारखान्यात पॉवर प्रेसखाली चिरडलेल्या बोटाची जखम चिघळून ताप, धाप किंवा भ्रम दिसला, तर कामाची पाळी संपण्याची वाट पाहणे घातक आहे. कामगार कायम असो वा कंत्राटी, कारखान्याने त्याला तत्काळ रुग्णालयात पोहोचवलेच पाहिजे.